एक टक्क्याची कमाई

आमच्याच इमारतीत राहणारा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा गेल्या महिन्यात पत्त्यांचा कॅट घेऊन घरी आला. "काका, यातलं एक पान न बघता बाजूला काढा." मी एक पान काढून उपडे ठेवले. उरलेली 51 पाने तो एकेक करून टाकत गेला. अर्ध्या मिनिटात शेवटचे पान पडले आणि तो म्हणाला, "तुमच्याकडचं पान मोठं आहे. दश्शी, चित्र नाहीतर एक्का." उलटून पाहिले, तर बदाम राणी. यात हातचलाखी नव्हती. दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पानाला अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य आणि दश्शीपासून एक्क्यापर्यंत उणे एक, असा हा हिशेब. पूर्ण कॅटाची बेरीज शून्य यायला हवी. त्याची अधिक एक आली, म्हणजे एक मोठे पान कमी होते. मग त्याने विचारले, कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळताना हेच करून पोट भरता येईल का?

जुगाराने कुणाचे भले झाले आहे, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. रूलेटच्या चाकाला आधीचा आकडा आठवत नाही. ब्लॅकजॅकमध्ये मात्र टेबलावर येऊन गेलेले पान पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, त्यामुळे पुढचा डाव मागच्या डावांवर अवलंबून असतो. लहान पाने जास्त निघून गेली की उरलेल्यांत दश्श्या, चित्रे आणि एक्के यांचे प्रमाण वाढते. एक्का आणि दहाचे पान मिळाले की खेळाडूला पैजेच्या दीडपट मिळतात. डीलरला 16 पर्यंत पान घ्यावेच लागते, त्यामुळे अशा वेळी 21 च्या वर जाऊन बुडण्याचा धोका त्याच्या वाट्याला अधिक येतो. म्हणून बेरीज चढली की पैज वाढवायची आणि उतरली की किमान रकमेवर आणायची. पद्धत एवढीच आहे.

यामागचे गणित पक्के आहे. 1956 मध्ये अमेरिकी लष्करात असलेल्या चौघांनी प्रत्येक हाताला कसे खेळावे याचा तक्ता प्रसिद्ध केला. तो तंतोतंत पाळला, तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोचा वरचष्मा साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो. एमआयटीत शिकवणाऱ्या एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम 704 या संगणकावर पुढचे काम केले, 1961 मध्ये दुसऱ्यांचे 10 हजार डॉलर घेऊन ते नेवाडात उतरले आणि ती रक्कम दुपटीच्या पुढे नेली. 1962 मध्ये त्यांचे पुस्तक आले. पाने मोजून कॅसिनोवर मात करता येते, हे तेव्हापासून सिद्धच आहे.

यात लबाडी आहे का, हा प्रश्नही उरत नाही, असे मला वाटते. मेंढीकोट खेळताना कोणती दश्शी गेली आणि हुकुमाची किती पाने बाहेर आहेत, हे जो लक्षात ठेवतो त्याला आपण चांगला खेळाडू म्हणतो. अमेरिकेतही निव्वळ डोक्याने मोजणे हा गुन्हा नाही. यंत्र वापरणे हा नेवाडात 1985 पासून गुन्हा आहे. तथापि पद्धत खरी असणे आणि प्रामाणिक असणे एवढ्याने ती उपजीविका होत नाही, आणि मुलाचा प्रश्न उपजीविकेचा होता.

त्याच्यासमोर मी कागद घेतला. तासाला 70 डाव, सरासरी पैज 30 डॉलर आणि सगळे नीट जमले तर सरासरी फायदा एक टक्का. म्हणजे तासाला 21 डॉलर. ऐकायला बरे वाटते. पण पैज 10 वरून 100 वर, 100 वरून 10 वर जात असल्याने तासाभराचा चढउतार 480 डॉलरच्या घरात जातो. तास वाढतात तसा एकूण चढउतारही वाढतो, फक्त मिळकतीपेक्षा हळू; त्यामुळे मिळकतीचा आकडा त्याच्याइतका व्हायला सुमारे 520 तास लागतात. आठवड्याला 20 तास धरले तर ते सहा महिने झाले. सहा महिने एकही चूक न करता खेळलेल्या सहा जणांपैकी साधारण एक जण तरीही तोट्यात असेल, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नसेल. आपल्याकडे शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. पेरणी वेळेवर होऊनही पीक जाते, हे त्याला ठाऊक आहे. मात्र शेतकऱ्याला चुलीसाठी घरचे दाणे ठेवता येतात. इथे बियाणे आणि दाणे एकाच पोत्यात असतात.

भांडवलाचा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. वरच्याच हिशेबाने 10 हजार डॉलर घेऊन बसणाऱ्याचे सगळे भांडवल कधी ना कधी बुडण्याची शक्यता 16 टक्के आहे. ती 5 टक्क्यांवर आणायची तर साडेसोळा हजार हवेत. आता त्यातूनच घरभाडे आणि किराणा काढायचा म्हटले आणि मिळकतीतला निम्मा भाग रोज उचलला, तर तीच 5 टक्क्यांची शक्यता 22 टक्क्यांवर जाते. ज्याच्याकडे भांडवल आहे आणि ज्याला त्यातून जेवायचे नाही, त्याच्यासाठी ही पद्धत चालते. ज्याला महिन्याच्या एक तारखेला पैसे लागतात, त्याच्या हातात ती ठिसूळ होते.

याला उत्तर नाही असे नाही. अनेकांनी मिळून एक भांडवल उभे केले की एकाचा वाईट आठवडा दुसऱ्याच्या चांगल्या आठवड्यात विरतो. एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या ज्या संघावर पुढे सिनेमा निघाला, त्याची ताकद हीच होती. हार्वर्डमधून व्यवस्थापन शिकलेल्या बिल कॅप्लन यांनी 1980 मध्ये तो धंद्यासारखा बांधला: बाहेरचे गुंतवणूकदार, खेळाडूंच्या कडक परीक्षा, प्रत्येक बैठकीची नोंद. 89 हजार डॉलरवर सुरू झालेले भांडवल दहा आठवड्यांत दुपटीहून अधिक झाले. म्हणजे योग्य माणसे, शिस्त आणि पैसा एकत्र आला तर उत्पन्न होते, हे नाकारता येत नाही. दुसरीकडे, यात कमाई झाली ती एका संस्थेची. एकट्या मुलाने वहीत मांडलेले स्वप्न आणि ही संस्था यांच्यात पानवाला आणि बाजारपेठेतला अडत्या यांच्याइतके अंतर आहे.

शिवाय टेबल कॅसिनोचे आहे. मोजणाऱ्याचा राग असा की हरणाऱ्याला पायघड्या आणि जिंकणाऱ्याला दरवाजा, हा कुठला न्याय? या रागात तथ्य आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये पाने मोजणाऱ्या केन उस्टन यांच्या खटल्यात तेच मानले: नियामक आयोगाचा नियम नसताना केवळ कौशल्यासाठी कॅसिनोला कुणाला बाहेर काढता येणार नाही. पण कॅसिनोची बाजूही ऐकायला हवी. करमणूक विकणाऱ्याने, खात्रीने पैसे घेऊन जाणाऱ्याला जन्मभर खुर्ची का द्यावी? नेवाडात हा मालमत्तेचा हक्क मानला जातो आणि मोजणाऱ्याला निघून जायला सांगता येते. न्यू जर्सीत हाकलता येत नसले तरी लवकर पिसणे, जास्त कॅट वापरणे, पैजेवर मर्यादा घालणे हे उपाय उरलेच. अलीकडे तर दीडपटीऐवजी पाचाला सहा देणारी टेबले वाढली आहेत. त्या एका बदलाने कॅसिनोचा वरचष्मा जवळपास 1.4 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे मोजणाऱ्याची सगळी कमाई आणि वर थोडे. पाने सतत पिसत राहणाऱ्या यंत्रासमोर तर मोजण्यासारखे काही राहतच नाही.

इतके असूनही, अमेरिकेत चांगले टेबल शोधून, गावोगाव फिरून, ओळख लपवत वर्षाला काही हजार डॉलर मिळवणारा माणूस असू शकतो, हे मी मान्य करतो. त्याला ते जगणे आवडत असेल तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. मात्र तिथेही 2025 च्या कायद्याने 2026 पासून हरलेल्या रकमेपैकी 90 टक्केच वजा करण्याची मुभा ठेवली आहे. बारीक फायद्यावर जगणाऱ्याला ही कात्री खोल लागते.

आता आपल्याकडे वळू, कारण मुलाच्या डोक्यात लास वेगास नव्हते, पणजीच्या मांडवी नदीतले कॅसिनो होते. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचे ठरले. गोव्यात मात्र 1996 च्या दुरुस्तीने बोटींवर टेबलाचे खेळ आले, आणि 2020 पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला बंदी नाही. इथे चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के आणि सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. हा कर प्रत्येक डावावर नसतो, जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर तो लागत नाही, हे खरे. पण दर खेपेला नव्या चिप्स घेणाऱ्याच्या एक टक्क्यापुढे तो केवढा आहे, हे सांगायला नको.

त्याहून निर्णायक आहे तो आयकर. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकण्यावर सरसकट 30 टक्के कर आहे आणि त्यातून हरलेली रक्कम किंवा खर्च वजा करता येत नाही. यामागे सरकारचा विचार आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही: जुगार हा व्यवसाय म्हणून वाढू नये, तोटे दाखवून कर बुडवला जाऊ नये. पण मोजणाऱ्याचे काय होते ते पाहा. वरचाच खेळ चार-चार तासांच्या बैठकांत विभागला आणि बैठकवार हिशेब धरला, तर निव्वळ 100 रुपये मिळायला तो साधारण 500 रुपये जिंकतो आणि 400 हरतो. कर लागतो 500 वर, म्हणजे 150 रुपये. 100 रुपये कमावून 150 रुपये कर. जिंकणाऱ्या माणसालाही इथे प्रामाणिकपणे जगता येत नाही, आणि कर लपवून जगणे हा उत्पन्नाचा मार्ग म्हणून मी कुणाच्या मुलाला सांगणार नाही.

म्हणून माझे मत कोणत्या बाजूला झुकते ते उघड आहे. कौशल्य खरे, उत्पन्न शक्य, पण ते भांडवलवाल्याचे आणि तेही दुसऱ्याच्या मर्जीवरचे; आणि भारतात बसून तर नाहीच. थॉर्प यांनाही टेबलावर फार काळ बसावेसे वाटले नाही. 1969 मध्ये त्यांनी शेअर बाजारात गुंतवणूक करणारा फंड उभा केला. डोके तेच, पण तिथे हुशार म्हणून कुणी बाहेर काढत नव्हते. कुणी म्हणेल, मुलाला वर्षभर प्रयत्न करू द्या, पंचविशीच्या आत नाही करायचे तर कधी? या म्हणण्याला मी कमी लेखत नाही. फक्त त्या वर्षाचे पैसे बापाच्या भविष्य निर्वाह निधीतून येणार असतील, तर ती पैज मुलाची राहत नाही.

मी हे सगळे त्याच्यासमोर कागदावर मांडले. तो बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला. मग पेन उचलून त्याने 150 वर रेघ मारली आणि शेजारी 156 लिहिले. "काका, तीस टक्क्यांवर चार टक्के सेस धरायचा राहिला."