जामीन : हक्क की ऐपत?

माहीमच्या पानवाडीत राबणारा एखादा मजूर गंभीर गुन्ह्याच्या आरोपाखाली अटकेत गेला, तर त्याच्या घरच्यांची खरी परवड न्यायाधीशांनी जामीन मंजूर केल्यानंतर सुरू होते. न्यायालयास जामीनदार हवा असतो. त्या जामीनदाराचा सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराचा दाखला हवा असतो. पुष्कळदा तहसील कचेरीतून ऐपतीचा दाखलाही आणावा लागतो. ज्याच्या नात्यागोत्यात कोणाच्याच नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने हे कोठून आणावे? तारापूरच्या कारखान्यांतील परप्रांतीय कामगाराला तर हमी देणारा सोयराही जवळपास नसतो.

१६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. ते कृत्य अमानुष होते आणि दोषींना शासन झालेच पाहिजे, याविषयी दुमत असू शकत नाही. परंतु या प्रकरणात शंभराहून अधिक माणसे गजाआड गेली. त्यांपैकी ८९ जणांना ठाण्याच्या विशेष न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येकी १५ हजार रुपयांचा जामीन मंजूर केला. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी १० जणांना जामीन दिला व ८ जणांना नाकारला. आरोप एकच असला, तरी प्रत्येकाचा वाटा निराळा तपासला गेला. हीच न्यायाची रीत होय. मात्र आदेश झाल्यावर निराळाच निकष लागू होतो. शहरी नोकरदाराला १५ हजारांची हमी किरकोळ वाटेल. रोजंदारीवर जगणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ती डोंगराएवढी असते.

हा अन्याय न्यायसंस्थेला अज्ञात नाही. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याकडे १० हजारांचा जामीन मागण्यात आला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याची हमी फेटाळण्यात आली. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे. महिनाभरात हमी सादर न झाल्यास न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबत असेल, तर तो आग्रह धरू नये. गरीब कैद्यांना अर्थसाहाय्य देणारी केंद्राची योजनाही त्याच वर्षी आली.

कागदावरील हे हक्क तुरुंगाच्या दारापर्यंत आपोआप चालत जात नाहीत. ते नेण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे. अटक झाल्याचे कळताच विधी सेवा प्राधिकरणाकडे धाव घेणे, जामीन झाल्यापासून सात दिवस मोजणे, अट जड असेल तर जातमुचलक्यासाठी अर्ज करविणे, दाखल्यासाठी कुटुंबासोबत कचेरीत उभे राहणे, ही कामे सभेतील ठरावाइतकीच राजकीय आहेत. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर चालून जाताना पाच जण हुतात्मे झाले. त्यांच्या भूमीत माणसाचे स्वातंत्र्य सातबाऱ्यावर अवलंबून राहावे, हे लाजिरवाणे आहे.