वाचकाचे सार्वभौमत्व आणि एक बेडूक

चाहत्यांनी काढलेली चित्रे, संगणकवेड्या तरुणांचे आपापसांतील विनोद आणि त्यांतून केले जाणारे सामाजिक भाष्य यांविषयी समीक्षेत दिसणाऱ्या उत्साहाचे सैद्धान्तिक भांडवल जुनेच आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला. मिशेल द सर्तो यांनी १९८० मध्ये वाचनाला परक्याच्या रानातील चोरट्या शिकारीची उपमा दिली. हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ मध्ये ती दूरचित्रवाणीच्या चाहत्यांना लावली. या मांडण्यांचे ऐतिहासिक मोल वादातीत आहे. वाद आहे तो त्यांच्या आधारे काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. संहिता वाचकाच्या हाती गेली की मुक्त होते आणि मुक्त झाली की आपोआप लोकशाहीवादी होते, असा हा निष्कर्ष आहे. त्याची दुसरी पायरी पहिलीतून निष्पन्न होत नाही.

पेपे नावाच्या बेडकाचे उदाहरण या संदर्भात पुरेसे बोलके आहे. मॅट फ्यूरी या अमेरिकन चित्रकाराने २००५ च्या सुमारास हे सुस्त, निरुपद्रवी पात्र निर्माण केले. निनावी चाहत्यांनी त्याची असंख्य रूपांतरे केली. पुढे वंशश्रेष्ठत्ववाद्यांनी ते हस्तगत केले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ॲन्टी-डिफेमेशन लीग या संस्थेने द्वेषचिन्हांच्या यादीत त्याची नोंद केली. अर्थात, त्याचा बहुतांश वापर द्वेषमूलक नाही हेही तिने नमूद केले. २०१७ मध्ये फ्यूरीने पेपेला शवपेटीत निजवले, तरी पेपे मेला नाही. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलक तरुणांनी तोच बेडूक प्रतिकाराचे चिन्ह म्हणून हाती घेतला.

वंशद्वेष्टा आणि आंदोलक या दोघांची कृती रचनेच्या दृष्टीने एकच आहे. दोघेही परक्या रानात शिकार करतात. शिकारीचा गौरव करणारा सिद्धान्त या दोहोंत भेद करू शकत नाही. तो भेद करावयाचा तर मूल्ये बाहेरून आणावी लागतात. आणि आणावयाचीच असतील, तर ती उघडपणे मांडण्याची जबाबदारी टाळता येत नाही.

यावर लेखकाच्या हेतूकडे परतणे हा उपाय नव्हे. फ्यूरीचा हेतू हाँगकाँगमधील अर्थाचे स्पष्टीकरण देत नाही. शिवाय त्याने 'इन्फोवॉर्स'विरुद्ध २०१८ मध्ये दावा लावला, तो स्वामित्वहक्काच्या आधारे. २०१९ मध्ये १५,००० डॉलरांवर त्यात तडजोड झाली. लेखक-कार्याचा संबंध मालमत्ता आणि शिक्षा यांच्याशी जोडणारे मिशेल फुको यांचे १९६९ मधील विवेचन येथे अधिक उपयोगी ठरते. सिद्धान्ताने मृत ठरविलेला लेखक न्यायालयात परतला, तो अर्थाचा उगम म्हणून नव्हे, तर मालक म्हणून.

तेव्हा समीक्षेपुढील प्रश्न अर्थ कोणाच्या मालकीचा, एवढाच नाही. हा विनोद कोण कोणाला उद्देशून करतो, त्याची किंमत कोणाला मोजावी लागते आणि 'गंमत होती' ही सबब कोणाला उपलब्ध असते, हे तिने विचारले पाहिजे. वाचकाला सार्वभौम म्हणावयाचे, तर त्याला उत्तरदायीही मानावे लागेल. उत्तरदायित्वावाचून सार्वभौमत्व बहाल करणारी समीक्षा वाचकाचा सन्मान करीत नाही. ती केवळ मूल्यमापनाचे आपले काम टाळते.