‘कर नाही त्याला डर कशाला?’

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचा विषय निघाला की कोणी ना कोणी ही म्हण ऐकवतो आणि चर्चा तिथेच संपते. मीही ती ऐकवली आहे. 2018 मध्ये राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालो, तेव्हा आमच्या वसाहतीच्या कल्याण समितीचे चिटणीसपद माझ्या गळ्यात पडले. पुढच्याच वर्षी हैदराबाद पोलिसांच्या ‘नेनु सैतम’ या योजनेखाली आम्ही घरटी वर्गणी काढून बारा कॅमेरे बसवले. ‘नेनु सैतम’ म्हणजे ‘मी सुद्धा’. वर्गणीचे पत्रक मी लिहिले होते. सभेत आक्षेप घेणारे एकच गृहस्थ होते, एक निवृत्त ग्रंथपाल. त्यांना मी हीच म्हण ऐकवून खाली बसवले. आज त्याच म्हणीविरुद्ध लिहायला बसलो आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

2023 च्या पावसाळ्यात घडलेली गोष्ट. आमच्या गल्लीत दोन मुली भाड्याने राहत होत्या. त्यांतली एक रात्रपाळी करी. एका रात्री धो धो पावसात तिचा सहकारी छत्री धरून तिला जिन्यापर्यंत सोडायला आला, दोन मिनिटे बोलला आणि परत गेला. कॅमेऱ्याने टिपले ते एवढेच. आठवडाभरात ती दोन मिनिटे वसाहतीतल्या घराघरांतील मोबाइलवर फिरली. प्रत्येक फेरीत तिला नवे शीर्षक मिळत गेले, आणि महिनाअखेरीस घरमालकाने त्या मुलींकडून खोल्या रिकाम्या करून घेतल्या. चित्रण बाहेर कोणी नेले याचा शोध घेण्याचा मी प्रयत्न केला. यंत्राचा संकेतशब्द रखवालदाराला ठाऊक होता, दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला होता, समितीतल्या चौघांना होता. खेरीज चित्रण मागणीनुसार पोलीस ठाण्याकडेही जात असे. कोणी केव्हा काय पाहिले याची नोंद कुठेच नव्हती. सारी हयात मी इतरांच्या नोंदवह्या तपासण्यात घालवली, आणि या यंत्रासाठी दोन आण्यांची वही ठेवावी हे मला सुचले नाही.

त्या मुलीने कोणता ‘कर’ केला होता? म्हणीतली खोच इथे आहे. ‘कर’ कशाला म्हणायचे हे पाहणारा ठरवतो, पाहिला जाणारा नव्हे.

कॅमेऱ्यामुळे चोर सापडतात हे मी नाकारीत नाही. आमच्याच गल्लीत मंगळसूत्र हिसकावणारे दोघे त्या बारा कॅमेऱ्यांमुळे पकडले गेले. 25 ऑगस्ट 2007 च्या संध्याकाळी लुंबिनी पार्क आणि कोठीतले गोकुळ चाट येथे स्फोट झाले. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा या भागांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या आपल्या माणसांचा हा रोजचा रस्ता. त्या रात्री घरातली माणसे परत येईपर्यंत दारात उभे राहिलेल्यांना खासगीपणावर व्याख्यान देण्याचे धाडस मी करणार नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये दिलसुखनगरला पुन्हा तेच घडले. भय खरे आहे, आणि त्याच भयाच्या पोटी त्या वर्षी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सार्वजनिक सुरक्षेचा कायदा झाला. एका वेळी शंभर किंवा दिवसाकाठी पाचशे माणसे जमतील अशा आस्थापनांनी कॅमेरे लावावेत, चित्रण तीस दिवस जपून ठेवावे आणि मागितल्यावर पोलिसांना द्यावे, अशी त्यातली तरतूद. तेलंगणातही तो कायदा पुढे चालू राहिला. मी तो मुळातून वाचला आहे. दुकानदाराची, मंगल कार्यालयाची, देवळाची कर्तव्ये त्यात स्पष्ट आहेत. घेतलेल्या चित्रणाचे पोलिसांनी पुढे काय करावे आणि काय करू नये, हे सांगणारे कलम मला त्यात सापडले नाही.

माझा वाद कॅमेऱ्याशी नाही. तो लावायचा की नाही, कुठे लावायचा, त्यातले चित्र किती दिवस ठेवायचे आणि कोणाला दाखवायचे, हे कोण ठरवणार? आपल्याकडे ते पोलीस ठरवतात. नगराने निवडून दिलेल्या सभागृहाला कोणी विचारीत नाही; आणि याहून वाईट म्हणजे, आपल्याला कोणी विचारावे असे त्या सभागृहालाही वाटत नाही.

बंजारा हिल्सवरील पोलिसांच्या नियंत्रण केंद्राचे उंच मनोरे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्याचे उद्घाटन 4 ऑगस्ट 2022 रोजी झाले, पायाभरणी नोव्हेंबर 2015 मध्ये. त्या नोव्हेंबरात बृहत् हैदराबाद महानगरपालिकेत निर्वाचित सभागृहच नव्हते. आधीच्या सभागृहाची मुदत डिसेंबर 2014 मध्ये संपली होती, पुढची निवडणूक फेब्रुवारी 2016 मध्ये झाली, आणि मधल्या काळात कारभार विशेष अधिकाऱ्याकडे होता. शहरावर सर्वांत मोठा डोळा बसवण्याचा आरंभ झाला तेव्हा शहराच्या वतीने हो किंवा नाही म्हणणारे कोणी जागेवर नव्हते. सभागृह असते तर त्याने विचारले असते, असेही मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आता जरा दूरचे उदाहरण देतो. अमेरिकेतील सॅन डिएगो हे नाव, तिथे क्वालकॉम कंपनीचे मुख्यालय असल्याने, आपल्या घरांतील मुलांच्या तोंडी अनेकांनी ऐकले असेल. तिथल्या नगर परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये रस्त्यावरचे जुने दिवे बदलण्याच्या सुमारे तीन कोटी डॉलरच्या योजनेला मंजुरी दिली. वीज वाचेल, वाहनांची आणि पादचाऱ्यांची मोजदाद होईल, वाहनतळाची सोय सुधारेल, असे सांगण्यात आले होते. तीन हजारांवर दिव्यांत जी उपकरणे आली त्यांत कॅमेरेही होते. ऑगस्ट 2018 मध्ये एका खुनाच्या तपासासाठी पोलिसांनी त्यांतले चित्रण प्रथम वापरले आणि मग ती वहिवाटच झाली. नागरिकांना हे 2019 मध्ये कळले. ज्या नगरसेवकांनी दिव्यांसाठी हात वर केले होते त्यांनाही आपण कॅमेऱ्यांना मत दिल्याचे तेव्हाच उमगले. 2020 मध्ये रस्त्यांवर निदर्शने झाली, त्यांच्या तपासातही हे चित्रण वापरले गेल्याचे उघड झाले. मग परिषद आणि पोलीस यांच्यात उघड संघर्ष उभा राहिला. सप्टेंबर 2020 मध्ये महापौर केव्हिन फॉकनर यांनी नियम होईपर्यंत कॅमेरे बंद ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा आणखी एक गंमत बाहेर आली: दिवा आणि कॅमेरा एकाच विजेवर, त्यामुळे दिवा न विझवता कॅमेऱ्याची वीज तोडता येईना!

2022 मध्ये परिषदेने पाळतीच्या साधनांसंबंधी नियम केले. असे कोणतेही साधन वापरायचे तर पोलिसांनी त्याचा हेतू, त्याची व्याप्ती, चित्रण जपण्याची मुदत लिहून द्यायची, नागरिकांच्या सल्लागार मंडळापुढे जायचे आणि शेवटी परिषदेची मंजुरी घ्यायची. 2023 मध्ये पोलिसांनी पाचशे कॅमेऱ्यांचा प्रस्ताव आणला. सल्लागार मंडळाने तो नाकारावा अशी शिफारस केली, तरी परिषदेने तो मंजूर केला. म्हणजे अखेरीस सरशी पोलिसांची झाली. ‘मग एवढा खटाटोप कशासाठी?’ असे कोणी विचारील. पोलिसांना मागावे लागले, कारण लिहून द्यावे लागले, विरोधी मत कागदावर आले, आणि कोणत्या नगरसेवकाने कोणत्या बाजूला हात वर केला हे मतदारांना समजले; खटाटोप यासाठी. नगराने पोलिसांना हरवावे असे माझे म्हणणे नाहीच.

त्याच राज्यातील ओकलंडचे उदाहरण मला, जुन्या शासकीय नोकराला, अधिक ओळखीचे वाटते. तिथे बंदराच्या सुरक्षेसाठी केंद्र सरकारचे अनुदान आले. त्या पैशातून बंदराबरोबर साऱ्या शहराचे चित्रण एका ठिकाणी आणण्याचे केंद्र उभे राहू लागले. लोक परिषदेच्या सभेत रात्री उशिरापर्यंत बोलत राहिले. मार्च 2014 मध्ये परिषदेने ते केंद्र केवळ बंदरापुरते मर्यादित केले आणि पुढे 2016 मध्ये खासगीपणाविषयीचा कायमचा आयोग नेमला. ‘अनुदान परत जाईल’ हे वाक्य मी माझ्या सेवाकाळात किती नस्त्यांवर वाचले आणि किती नस्त्यांवर स्वतः लिहिले, याचा हिशेब नाही. त्या तीन शब्दांपुढे भले भले अधिकारी सही करून मोकळे होतात. बहुतेक कॅमेरे याच वाटेने येतात. मागणी नगराची नसते, पैसा वरून येतो, मार्चअखेर जवळ आलेली असते.

हे हैदराबादपुरतेच आहे असे इंदूर, बेळगाव, पणजी, ग्वाल्हेर, बडोदे येथील वाचकांनी समजू नये. केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत इंदूर आणि बेळगाव जानेवारी 2016 मध्ये, पणजी मे 2016 मध्ये, तर ग्वाल्हेर आणि बडोदे सप्टेंबर 2016 मध्ये निवडले गेले. 31 मार्च 2025 रोजी ती योजना संपली. तिच्यात एकात्मिक नियंत्रण केंद्र हे जवळजवळ ठरलेलेच काम होते. ते काम महापालिकेच्या सभागृहाने नव्हे, तर राज्य आणि महापालिका यांच्या समान भागभांडवलाच्या कंपनीने केले. कंपनीच्या बैठकीला प्रेक्षक सज्जा नसतो. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला एकदा सहज विचारून पाहावे की, नियंत्रण केंद्रातले चित्रण किती दिवस ठेवतात. उत्तर मिळाल्यास मला कळवावे.

‘पोलीस हा राज्याचा विषय, महापालिकेचा त्यात संबंध काय?’ असे म्हणणाऱ्यांत माझे काही जुने सहकारीही आहेत. सातव्या अनुसूचीप्रमाणे पोलीस राज्याकडे आहेत, हे खरेच. परंतु चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली तिच्यात रस्त्यावरचे दिवे नगरसंस्थेचे काम म्हणून नोंदलेले आहेत. रस्ता नगराचा, त्यावरचा दिवा नगराचा. नगराच्या जागेवर आपले यंत्र लावू पाहणाऱ्याने नगराची परवानगी मागावी, एवढे म्हणायला कोणते घटनात्मक धाडस लागते? नळजोडणीसाठी रस्ता खणायचा तर आपल्याला महापालिकेचा कागद लागतो.

न्यायालयांनी मार्ग दाखवलेला नाही असेही नाही. 1962 मध्ये खडकसिंगाच्या खटल्यात पोलिसांच्या पाळतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा बहुमताने खासगीपणाचा हक्क मानला नाही. वेगळे मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती सुब्बा राव होते, जे त्यापूर्वी आपल्या हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांचे म्हणणे खरे ठरायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. (त्याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या वडिलांचा सहभाग असलेला आणीबाणीतला निर्णय चुकीचा ठरवला, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको.) शासनाने या हक्कात हात घालायचा तर कायदा हवा, गरज हवी आणि उपाय प्रमाणात हवा, असा तो दंडक. 2023 चा व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा आला, पण गुन्ह्याचा तपास आणि प्रतिबंध यांना त्याने बरीच सूट दिली. आमच्याच शहरात रस्त्यात थांबवून, तोंडावरची मुखपट्टी काढायला लावून आपले छायाचित्र घेतल्याबद्दल एका सामाजिक कार्यकर्त्याने उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि जानेवारी 2022 मध्ये न्यायालयाने शासनाला नोटीस काढली. जे काम नगराच्या सभागृहाने एका दुपारी ठराव करून सुरू करायचे, ते एका माणसाने वकील लावून करावे लागते.

पोलिसांना कॅमेरा इतका प्रिय असेल तर तो सर्वत्रच प्रिय असायला हवा होता. 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत आणि प्रवेशद्वारी, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. पाच वर्षे होत आली तरी, सप्टेंबर 2025 मध्ये, राजस्थानातील कोठडीमृत्यूंच्या वृत्तावरून न्यायालयाला स्वतःहून हा विषय पुन्हा हाती घ्यावा लागला, कारण ठाण्यांतले कॅमेरे चालतच नव्हते. चौकातला कॅमेरा उन्हापावसात चालतो आणि कोठडीतला छपराखाली बिघडतो! ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण ठाण्याच्या भिंतीवर रंगवायला हरकत नसावी.

आपल्या घरांना पाळत नवी नाही. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण 53’ खाली सभेला पूर्वपरवानगी लागे. वाचनालयाच्या व्याख्यानाला कोपऱ्यात बसून टिपणे घेणाऱ्या माणसाच्या गोष्टी आजोबा सांगत. मराठी त्याला पुरते कळत नसे, आणि शेवटी चहा त्यालाही मिळे. त्याला सगळे ओळखत. तो आला की वक्ता विषय बदली. हल्लीच्या पाहणाऱ्याचा चेहरा कोणालाच दिसत नाही, आणि ज्यांचे आजोबा त्या माणसाला हसत असत तेच आपण आता त्याच्या पगारासाठी घरटी वर्गणी देतो.

गेल्या महिन्यात मी समितीपुढे चार ओळींचा प्रस्ताव ठेवला. चित्रण पाहणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण वहीत लिहावे. पोलिसांनीही लेखी मागणी करावी. तीस दिवसांनी चित्रण पुसावे. आणि महापालिकेने सर्वच वसाहतींसाठी असे नियम करावेत म्हणून नगराकडे अर्ज पाठवावा. पहिल्या तीन ओळींवर कुरकुर झाली, चौथीवर लोक हसले. त्या निवृत्त ग्रंथपालांनी अनुमोदन दिले. त्यांच्याकडे पाहण्याचे मला जरा जडच गेले. ‘पुढील बैठकीत विचार व्हावा’ असा शेरा पडला आहे, आणि त्या शेऱ्याचा अर्थ मला इतर कोणाहीपेक्षा चांगला कळतो. वही मात्र मी विकत आणून रखवालदाराच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर माझेच नाव आहे.