पाच स्टारची लाचारी

लोणावळ्यात आणि पवना धरणाच्या काठावर दर रविवारी सकाळी अकराच्या सुमारास एक किळसवाणा सोहळा पार पडतो. बंगल्यातली पार्टी निघालेली असते. फरशीवर सांडलेली दारू, तुंबलेले बेसिन, स्विमिंग पूलमध्ये तरंगणारी चिप्सची पाकिटे. रात्री दोन वाजता ज्याला झोपेतून उठवून बर्फ आणायला पिटाळले, ‘तू कोण रे मला सांगणारा?’ म्हणून ज्याला झापले, तोच केअरटेकर गाडीच्या काचेपाशी वाकून म्हणतो, ‘साहेब, मजा आली ना? तेवढे फाइव्ह स्टार टाका.’

कसली मजा आणि कोणाची?

हिशेब बघा. दहा पाहुण्यांनी पाच-पाच स्टार दिले आणि अकराव्या महाभागाने पाऊस थांबेना म्हणून एक टाकला, की सरासरी 4.6 वर येते. मालक शहरातून फोनवर डाफरतो आणि पगार कापायची भाषा करतो. म्हणून या पोराने हसायचे. शिव्या खाऊन हसायचे, पाहुण्याने फोडलेला ग्लास ‘माझ्याच हातून फुटला’ म्हणायचे. तिकडे मालकाचे मेहुणे आणि भाचे घरबसल्या ‘धुक्यातला स्वर्ग’ लिहून मोकळे! त्या स्वर्गात नळाला पाणी नसते, ते कोण लिहिणार?

पाहुणाही काही कमी नाही. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये तीन तास भांडत आलेले जोडपे टायगर पॉइंटवर कॅमेऱ्यापुरते गळ्यात गळा घालते आणि पुन्हा तोंडे फिरवून गाडीत बसते. कुणाला दाखवायला? ज्यांचे तोंड वर्षातून एकदाही बघायचे नसते, त्यांना! जुलै 2024 मध्ये धोक्याच्या जागी सेल्फी आणि रील नकोत, असा हुकूम जिल्हा प्रशासनाला काढावा लागला, एवढी ही हौस पिकली आहे.

कार्ल्याच्या लेण्यात वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठींनी हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे. स्वतःच स्वतःला फाइव्ह स्टार! पण त्यांनी निदान आधी डोंगर कोरून घेतला, मग बढाई मारली. आजही कोणीही पायऱ्या चढून पडताळून घ्यावी. आणि तिथे दारासाठी राबलेल्या धेनुकाकटच्या सुताराचेही नाव आहे. आमचा केअरटेकर रिव्ह्यूत नुसता ‘स्टाफ’.

पवनेच्या पाण्यासाठी 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरला याच मावळ तालुक्याने रस्ता अडवला, पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, तीन जीव गमावले. त्या तालुक्याच्या पोरांना आज कोणा दारुड्याच्या अंगठ्याची मर्जी राखावी लागते, याची लाज मावळच्या पुढाऱ्यांना नाही. बंगल्याची परवानगी मिळवून द्यायला मात्र ते हजर!

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक आणले. ते ऐच्छिक! चोराला विचारून कुलूप लावण्याचा हा प्रकार आहे. ते सक्तीचे करा. विकत घेतलेले रिव्ह्यू छापणाऱ्या अ‍ॅपला दंड करा. केअरटेकरचा पगार आणि झोपेची वेळ कागदावर आणा, आणि रेटिंगचा त्या कागदाशी काडीचाही संबंध ठेवू नका. हे ज्या मालकाला परवडत नसेल, त्याने रात्री दोनचा बर्फ स्वतः नेऊन द्यावा.