जमतंय म्हणजे झालं का?

गेली दोन वर्षं मी नेमाने जिमला जातोय. साडेसात किलोचे डंबेल्स, बारा-बाराचे तीन सेट आणि मधे भरपूर गप्पा. घाम नाही, दम नाही. "आता काय, सहज जमतं!" असं मी सगळ्यांना ऐकवायचो. (नातेवाईक साक्षीदार आहेत!)

मागच्या महिन्यात आई मोरीत घसरली. नशिबाने लागलं नाही, पण तिला उठवताना माझी अशी त्रेधा उडाली की शेजारच्या काकांना हाक मारावी लागली. तेव्हा कळलं, सगळं सहज जमत होतं कारण मी शरीराकडे नवं काही मागतच नव्हतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना व्यायाम देताना अमेरिकेतल्या डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी हेच सूत्र धरलं: ताकद वाढली की वजन वाढवायचं. 1945 मध्ये त्यांनी ते प्रसिद्धही केलं. आपल्या तालमीत तरी वेगळं काय? जोर-बैठकांचा आकडा हळूहळूच चढतो.

आता बैठकासुद्धा डंबेल्स धरून मारतो. बारा सहज झाल्या की थोडं वजन वाढवतो, आकडा आठवर उतरतो, मग पुन्हा बारापर्यंत चढायचं. वजन वाढवलं की सेट तेवढेच. सांधा कुरकुरला तर मुकाट्याने मागे.

माझं मत एवढंच, की सोपं वाटलं तर स्वतःचं कौतुक एक दिवस करावं, दुसऱ्या दिवशी वजन बदलावं.

आई म्हणाली, "मला उचलायचा सराव नंतर कर, आधी मोरीत आधाराला दांडी बसव."

बसवली. असो!