पाण्याची परीक्षा माजघरात



बैल घेताना आपण दात पाहतो. बियाणे घेताना चार दुकाने फिरतो. पण ज्या पाण्यावर कपाशी जगवायची, त्या पाण्याची परीक्षा कोण करतो? बोअरला पाणी लागले की नारळ फोडायचा आणि मोटार सुरू करायची. कर्ज आपले, आणि काही वर्षांनी चोपण झालेली जमीनही आपलीच. आमचे म्हणणे एवढेच आहे, की पाणी वावरात जाण्याआधी एकदा माजघरात जाऊ द्या.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यायला नको. मिठाचे पाणी जिभेला कळते. सोड्याचे पाणी जिभेला कळेलच असे नाही, आणि काळ्या जमिनीचा खरा वैरी तेच. त्यातले सोडियम मातीच्या कणांना चिकटते आणि मातीची घडण मोडते. पाऊस आला की चिखल, उघडला की दगड. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. रब्बीची ज्वारी तर जमिनीत मुरलेल्या ओलीवरच उभी राहते. ती ओलच मुरली नाही तर कणसात भरायचे काय?

हे पाणी ओळखण्याची पहिली खूण घरच्या हळदीत आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो. मुक्या मारावर लावायचा हळद-चुन्याचा लेपही लालच होतो. लिंबू पिळले की रंग पुन्हा पिवळा. खार लागला की हळद लाल, आंबट लागले की पिवळी. शास्त्रज्ञ ज्याला सामू म्हणतात, त्याची ही घरगुती ओळख. सामू ७ म्हणजे ना आंबट ना खार. ७ च्या वर खार वाढत जातो.

पांढरा टिपकागद हळदीच्या दाट पाण्यात बुडवून सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा. आधी घरातल्या जिनसांवर हात बसवा. चिंचेच्या कोळात आणि ताकात पट्टी पिवळी राहील, चुन्याच्या निवळीत आणि धुण्याच्या सोड्यात लाल होईल. खायच्या सोड्याच्या पाण्यात फार तर तांबूस होईल. पण तेच पाणी चांगले उकळून गार करा, पट्टी जास्त लाल होईल. उकळल्यावर खायचा सोडा धुण्याच्या सोड्यासारखा तिखट होतो.

विहिरीच्या पाण्याला हीच युक्ती लावायची. साध्या पाण्यात हळद बहुधा पिवळीच राहते, त्यावर फसू नका. लिटरभर पाणी उकळून पावशेर करा, गार होऊ द्या, गाळ बसला की वरच्या निवळीत पट्टी बुडवा. शेजारी पावसाचे पाणी तसेच आटवून ठेवा. पट्टी ठळक लाल झाली तर पाण्यात सोडा असल्याचा हा इशारा समजा. खाराचा मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास आहे.

हळदीला सगळे कळते असे आम्ही म्हणत नाही. मीठ किती, हे ती सांगत नाही. पट्टी पिवळी राहिली म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही, आणि लाल झाली म्हणून जिप्सम किती टाकायचा तेही कळत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. पण इशारा हाती असलेला शेतकरी प्रयोगशाळेत नेमका प्रश्न घेऊन जातो, आणि अहवाल येईपर्यंत मोटार बंद ठेवतो.

सरकारने २०१५ साली जमिनीच्या आरोग्यपत्रिकेची योजना काढली. पत्रिका मातीची. त्या मातीवर रोज ओतायच्या पाण्याचे काय? ओलिताच्या पाण्याची तपासणी तालुक्याच्या गावी, पेरणीआधी आणि शेतकऱ्याला समजेल अशा मराठी अहवालासह झाली पाहिजे. ही भीक नव्हे. जमीन बिघडली तर तोटा शेतकऱ्याच्या एकट्याच्या माथी येतो, म्हणून ही मागणी आहे.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी सीताशेती आणि माजघरशेतीचा विचार मांडला. शेतीचे प्रयोग घरच्या लक्ष्मीच्या हाताने व्हावेत, हा त्यातला गाभा. हळदीची पट्टी त्याच वाटेवरची आहे. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी हाताशी असलेले तंत्र तरी वापरावे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे आटवलेले पाणी बाटलीत आणावे. बाटलीवर गाव आणि खोली लिहावी. पट्ट्या तिथेच बुडवू. कोणत्या शिवारात सोडा आहे त्याची यादी गावकऱ्यांच्या हाती आली, की तपासणीची मागणी हवेत राहणार नाही.