देशप्रेमाची हजेरी



जून २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. मुलांच्या अंगी देशप्रेम आणि शिस्त बाणावी, हा हेतू. बातमी वाचली आणि मलेशियातली एक मैत्रीण आठवली.

कौटुंबिक हिंसाचारावरच्या एका कार्यशाळेत आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तीही समाजकार्य शिकलेली, माझ्याच वयाची. तिची पणजी तमिळ मुलुखातून रबराच्या मळ्यावर मजुरीला गेलेली. सरकारी शिष्यवृत्ती मिळाल्यावर हिला 'बिरो ताता नेगारा' या पंतप्रधानांच्या खात्याखालच्या कचेरीचं देशप्रेमाचं शिबिर करावं लागलं.

पहाटे उठणं, कवायत, गाणी, गटचर्चा. माझ्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासारखंच वाटलं मला. मग ती व्याख्यानांबद्दल सांगू लागली. देश मलायांचा, बाकीचे 'पेंदातांग'. म्हणजे बाहेरून आलेले, उपरे. त्यांनी उपकार विसरू नयेत.

"मी हात वर केला नाही," ती म्हणाली. "शिष्यवृत्ती जाईल अशी भीती होती. शेजारी माझी मलाय मैत्रीण मान खाली घालून बसली होती. शिबिर संपेपर्यंत आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही."

ही तक्रार तिची एकटीची नाही. ऐक्य वाढवण्यासाठी हे वर्ग आहेत, असं सरकार सांगत राहिलं. तरी २००९ मध्ये सेलांगोर राज्याने आपले कर्मचारी आणि विद्यार्थी तिथे पाठवणं बंद केलं. ऑगस्ट २०१८ मध्ये, सत्तापालटानंतर, मंत्रिमंडळाने ही कचेरीच गुंडाळायचं ठरवलं.

मला यातलं बरंचसं ओळखीचं वाटलं. सून चाळीस वर्षं नांदली तरी "आमच्या घराची रीत" तिला शिकवली जातेच. घरावरचं प्रेम तिने गप्प राहून सिद्ध करायचं. प्रश्न विचारला की ती परकी. या शिबिरात देशाने सासूची जागा घेतली होती, एवढंच.

आणखी एक गोष्ट. बायकांना देशप्रेम शिकवणाऱ्या त्याच देशात, परदेशात जन्मलेल्या मुलाला बापाचं नागरिकत्व आपोआप मिळे, आईचं मिळत नसे. बायका कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे २०२४ मध्ये संसदेत घटनादुरुस्ती मंजूर झाली. माझ्या मते देशावर हक्क सांगणाऱ्या त्या आयांनी देशप्रेमाचा खरा धडा दिला.

मलायांसाठी तिथला सरकारी शब्द आहे 'भूमिपुत्रा'. आपल्याकडचाच शब्द. आपल्याकडेही तो उच्चारला की कोणीतरी उपरा ठरतोच. आणि त्या शब्दात मुलींना जागा नाही, तिथेही नाही, इथेही नाही.

कवायतीला माझा विरोध नाही. मुलींनी धावावं, दमावं, दंड कमवावेत. पण कवायतीनंतर जे सांगितलं जाईल, ते कोण सांगणार? वर्गातल्या एखाद्या पोरीला ते ऐकून मान खाली घालावी लागली तर? तिला हात वर करता येईल का?

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत. अनेकजणी तिथे फक्त सहीपुरत्या जातात. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा हे प्रश्न विचारा, आणि त्यांची नोंद इतिवृत्तात करून घ्या.